शनिवारी विझणारा दिवा

आमच्या घरात जीप आली ती लिलावातून. लष्करानं वापरून, आपटून, रंग उडवून टाकून दिलेली, आणि आमच्या मालकांनी हौसेनं उचललेली. मालक म्हणजे माझा नवरा. मखमलाबादकडच्या मळेवाल्यांत बायका नवऱ्याला मालक म्हणायच्या. मालकी नेमकी कशावर चालते ते विचारायचं नसायचं. ऐंशी साल अजून उजाडायचं होतं. मळ्यात झेंडू, शेवंती, गलांडा, आणि बांधाकडेनं थोडी मेथी-कोथिंबीर. बैलगाडीनं माल पंचवटीतल्या बाजारात जायचा आणि वेळेवर पोचायचा. मग शेजारच्या मळ्यात टेंपो आला आणि त्या दिवसापासून आमच्या मालकांना बैल हळू चालतात असं दिसायला लागलं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तसं ते हिरवं घोडं दारात येऊन उभं राहिलं.

"फोर व्हील आहे," मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. दूध घालायला आलेल्या माणसालाही सांगायचे. जीपमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक दांडा होता, तो टाकला की चारही चाकं ओढायची. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात त्याचा उपयोग व्हायचा, हे मी नाकारत नाही. पण माझ्या माहेरी, नाशिक रोडला, कोरड्या ठाक डांबरी रस्त्यावर माझ्या भावाला दाखवायला म्हणून त्यांनी तो दांडा टाकला आणि कोपऱ्यावर वळताना गाडीखालून असा काही आवाज निघाला की भाऊ फाटकाच्या आत पळाला. "ताकद आहे ती," मालक म्हणाले. मी काय बोलणार? माहेरी होते, गप्प बसले.

तर अशी ही ताकदवान गाडी पुढे कुठेही जायची. अडचण होती ती मागे जाण्याची.

मळ्यातली पत्र्याची शेड वाटेच्या अगदी टोकाला. वाट अरुंद, एका अंगाला बांध, बांधावर कडुनिंब, दुसऱ्या अंगाला विहीर. जीप वळवायला जागाच नाही, म्हणून फुलांच्या करंड्या भरायच्या तर जीप उलटी घेत शेडपर्यंत न्यायची. बरं, फुलं तोडायची संध्याकाळी आणि बाजार भरायचा पहाटे, म्हणजे हे सगळं अंधारात. शेडमध्ये एक बल्ब होता, पण तो गाडी मागे घेणाऱ्याच्या बरोबर डोळ्यांवर यायचा, आणि पहाटे वीज असेलच असं नाही.

तुम्ही म्हणाल, विहिरीला कठडा नव्हता का? होता, तीन बाजूंनी होता. वाटेकडची बाजू ढासळली होती. विहीर आमची आणि चुलत सासऱ्यांच्या घराची सामाईक. पाणी दोघांचं, गाळ दोघांचा, कठडा मात्र कोणाचाच नाही. आमचे म्हणायचे, ढासळलाय त्यांच्या मोटरच्या बाजूनं, त्यांनी बांधावा. ते म्हणायचे, जीप यांची, धोका यांना, यांनी बांधावा. एकानं बांधला तर दुसरा म्हणणार, बघा, विहिरीवर हक्क सांगतोय! त्या कठड्यावरून दोन वकिलांची घरं चालली, कठडा तसाच राहिला.

म्हणून मग माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. उंचीनं एवढ्याशा, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, आणि हातात कंदील. रोज पहाटे त्या विहिरीच्या ढासळलेल्या काठावर जाऊन उभ्या राहायच्या. पाठ विहिरीकडे, तोंड जीपकडे. कंदील दिसतोय तिथे विहीर आहे, असा हिशेब. मालक मान वळवून जीप मागे घ्यायचे आणि आत्याबाई ओरडायच्या, "येऊ दे... येऊ दे... येऊ दे... बास!" बास म्हटलं की जीप जागच्या जागी थांबायची. मागच्या बंपरात आणि म्हातारीत हातभर अंतर, आणि म्हातारीच्या टाचेमागे काळं पाणी. मी शेडच्या दारात करंडी धरून उभी असायची, आणि रोज माझा जीव टांगणीला लागायचा. क्लचवरचा पाय घसरला तर? लष्करानं टाकून दिलेली गाडी, तिच्या ब्रेकचा काय भरवसा? मला दुसरं काही नको होतं. न जीप, न बाजार. मला फक्त ती म्हातारी त्या काठावरून हलायला हवी होती.

"मागे एक दिवा बसवा," मी मालकांना म्हटलं. "चांगला मोठा. विहीर दिसली पाहिजे, शेड दिसली पाहिजे."

"लष्करानं नाही बसवला तो?"

"नाही."

"मग? लष्कराला कळत नाही का? सैन्य मागं जात नसतं."

"सैन्याच्या मागे विहीर नसते," मी म्हटलं, "आणि विहिरीच्या काठावर सैन्याची आई उभी नसते."

हे त्यांना लागलं. त्याच आठवड्यात भद्रकालीच्या बाजारातून ते ट्रॅक्टरचा दिवा घेऊन आले. अंधारात नांगरणी करताना मागे बघायला लावतात तो. परातीएवढं तोंड, आत मोठा बल्ब. कुठल्याही गॅरेजवाल्यानं चहा उकळेपर्यंत तो जोडून दिला असता. बॅटरीतून एक वायर काढायची, मध्ये फ्यूज, मग स्विच, मग गाडीखालून मागे दिव्यापर्यंत. परतीची वायर लागतच नाही, दिवा गाडीच्या लोखंडाला कसला की झालं. पण आमच्या घराला गॅरेजवाल्याची गरज नव्हती. आमच्या घरात दोन तज्ज्ञ होते.

पहिले माझे धाकटे दीर. ओझरला विमानाच्या कारखान्यात वायरिंगच्या कामाला. चांगला मुलगा, निर्व्यसनी, पण कामाला लागल्यापासून त्याला जमिनीवरची कुठलीच गोष्ट पसंत पडेना. घरातल्या पंख्याकडे बघून मान हलवायचा. जीपखाली दोन रविवार आडवा पडून त्यानं त्या एका दिव्याची वायर ओढली. वायरीवर टेप, टेपवर नळी, नळीवर मेणाचा दोरा, आणि वीतभर अंतरावर गाठी. वायरीच्या दोन्ही टोकांना पत्र्याच्या चकत्या, चकत्यांवर आकडे. अरे बाबा, वायरच एक आहे, आकडे कशाला?

"वहिनी," तो खालूनच म्हणाला, "आकाशात गॅरेज नसतं."

"भावजी, आपण मखमलाबादेत आहोत."

त्याला ते पटलं नाही.

दुसरे तज्ज्ञ म्हणजे आमचे जावईबापू, नणंदेचे यजमान. नाशिक रोडला नोटा छापतात तिथे नोकरीला. तिथलं काम गुप्त. ते गुप्त असायलाच पाहिजे, मला मान्य आहे. पण या माणसाचं सगळंच गुप्त. ते नोटा छापतात, की नोटांचे गठ्ठे बांधतात, की दारावर बसतात, हे माझ्या नणंदेलाही माहीत नव्हतं. भाजी काय आणली असं विचारलं तरी आधी दाराकडे बघायचे. विजेतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण जावई, आणि त्यातून सरकारी. त्यांचं मत विचारल्याशिवाय आमच्याकडे खिळा ठोकत नसत.

"स्विच उघड्यावर नको," ते हळू आवाजात म्हणाले. "सुरक्षिततेचा प्रश्न आहे."

"कुणापासून, जावईबापू?"

"ते सांगता येणार नाही."

म्हणून स्विच डॅशबोर्डच्या खाली, आतल्या कप्प्याच्या मागे लपवला. असा लपवला की पहिल्या दिवशी मालकांनाच सापडेना. स्टिअरिंगखाली डोकं घालून ते चाचपत होते आणि जावईबापू समाधानानं बघत होते.

पण सापडला. आणि दिवा लागला! मी खोटं बोलणार नाही, त्या वेळी मला दोन्ही तज्ज्ञांची दृष्ट काढावीशी वाटली. शेडचा पत्रा, बांध, कडुनिंबाचा बुंधा, विहिरीचे तुटके दगड, सगळं लख्ख. मालकांनी एका दमात जीप मागे घेतली. आत्याबाई नेहमीच्या जागेवर कंदील घेऊन उभ्या होत्या, आणि त्या उजेडात कंदील पेटलाय की विझलाय तेही कळत नव्हतं.

"या इकडं आता," मी आनंदानं ओरडले. "सुटलात तुम्ही! विझवा तो कंदील."

त्यांनी वात खाली केली आणि त्या शेडमध्ये येऊन करंड्यांवर ओली गोणपाटं टाकायला लागल्या.

ही चैन शनिवारपर्यंत टिकली. शनिवारी पहाटे मालकांनी स्विच टाकला, दिवा क्षणभर लागला आणि गेला. फ्यूज उडाला होता. झालं, आत्याबाईंनी कंदील पेटवला आणि गेल्या काठावर. "येऊ दे... येऊ दे..."

रविवारी दीर वीज तपासायचा मीटर घेऊन आला. मीटर त्यानं स्वतःचा घेतला होता, कातडी पिशवीतला. त्याला कोणी हात लावलेला चालायचा नाही. जीपच्या मागे आत्याबाईंनी शनिवारी बांधलेली लिंबू-मिरची लोंबत होती, ती त्यानं स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं उचलून कुंपणावर टाकली आणि बसला तपासत. बॅटरी बरोबर. वायर बरोबर. स्विच बरोबर. दोष कुठेच नाही. नवा फ्यूज घातला, दिवा लागला. "व्हायब्रेशन," तो म्हणाला. सोमवार ते शुक्रवार दिवा छान चालला. शनिवारी पहाटे पुन्हा गेला.

पुन्हा रविवार, पुन्हा मीटर, पुन्हा दोष नाही. "मॉइश्चर," दीर म्हणाला. पुढच्या शनिवारी पुन्हा गेला, तेव्हा "लोड". नंतर नंतर तो काहीच बोलेना, नुसता आकाशाकडे बघायचा, बहुतेक तिथे गॅरेज आहे का ते.

जावईबापूंचं मत पक्कं होतं. "कोणीतरी करतंय," ते दाराकडे बघून म्हणाले. "आतलंच कोणीतरी."

"म्हणजे चुलत सासरे?"

"नाव घेत नाही मी."

त्यांनी एक उपायही सुचवला, की फ्यूज काढूनच टाका, जाड तार घाला, मग काय उडेल ते बघू. दीर एवढा भडकला की पहिल्यांदाच जावयाला उलटून बोलला. "गाडी उडेल दाजी, गाडी! आग लागेल!" त्यावरून नणंद रुसली आणि पंधरा दिवस कोणी आलंच नाही. ते पंधरा दिवस मालकांनी स्वतःच फ्यूज बदलला. शनिवारी उडायचा, रविवारी ते लिंबू-मिरची काढून कुंपणावर टाकायचे, मागे डोकावायचे, पुढे फ्यूज घालायचे, दिवा लागायचा. तज्ज्ञ असले काय नि नसले काय, दिव्याला फरक पडत नव्हता.

आणि मळेवाल्यांनी तर केव्हाच निकाल दिला होता. शनिवारीच जातोय म्हणजे शनी! त्यात शंका कसली? लष्कराची गाडी, काय काय बघितलं असेल तिनं. एक जण म्हणाला तेल वाहा, दुसरा म्हणाला काळे उडीद. आणि माझ्या दिराचं सांगते, विमानाच्या वायरी जोडणारा, देवघराकडे कधी न फिरकणारा माणूस; शुक्रवारी संध्याकाळी कारखान्याच्या बसमधून उतरून वाटेतल्या मारुतीला गुपचूप तेल घालताना त्याच्याच बायकोनं, माझ्या जावेनं, त्याला पकडलं. "मीटर शांत ठेवायला," असं काहीतरी तो म्हणाला म्हणे.

मी हसत होते, पण हसू खोटं होतं. दर शनिवारी नि रविवारी ती म्हातारी पुन्हा त्या काठावर उभी राहत होती. परतीचा पाऊस सुरू झाला होता, काठाची माती भिजून लोण्यासारखी झाली होती. मी म्हणायचे, आत्याबाई, मी उभी राहते. त्या म्हणायच्या, "तुला नाय जमायचं." मालक म्हणायचे, तिला सवय आहे. सवय! विहिरीला काय माहीत, कोणाला सवय आहे नि कोणाला नाही!

त्या वर्षी दसरा रविवारी आला, म्हणजे खंडेनवमी शनिवारी. फुलवाल्यांचं वर्षाचं सोनं त्या दोन दिवसांत. शेडमध्ये झेंडूच्या करंड्या छतापर्यंत लागलेल्या, जागा नाही पाय ठेवायला. खंडेनवमीला हत्यारांची पूजा, म्हणून दीर आणि जावईबापू आदल्या संध्याकाळीच मळ्यावर आले होते; नणंदेचा रुसवा दसऱ्यापुरता संपला होता. शनिवारी पहाटे आत्याबाईंनी अंघोळ केली, जीपला ताजी लिंबू-मिरची बांधली, हळदकुंकू वाहिलं. मालकांनी जीप मागे घ्यायला घेतली. स्विच टाकला. दिवा लागला आणि गेला.

"गेला!" जावईबापू म्हणाले, जसं काही त्यांनी पैज जिंकली.

आत्याबाईंनी कंदील उचलला. "येऊ दे," त्या काठावरून म्हणाल्या. "येऊ दे... येऊ..."

आणि कंदील दिसेनासा झाला.

खाली पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी किंचाळले. काय किंचाळले ते आठवत नाही, पण चुलत सासऱ्यांच्या घरातून माणसं धावत आली एवढं आठवतं. मालकांनी ब्रेक दाबला आणि गाडीतून उडी टाकली. आत्याबाई काठावर बसल्या होत्या. पायाखालची माती सुटली होती, एक पाय आत लोंबत होता, आणि दोन्ही हातांनी त्यांनी जीपचा बंपर धरला होता. विहिरीत गेला तो कंदील. दिरानं नि मालकांनी त्यांना ओढून वर घेतलं. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. मालक मातीतच बसले आणि लहान पोरासारखे रडले. मीही रडले आणि मग माझं डोकं फिरलं.

मी दोन्ही तज्ज्ञांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. विमानं उडवता, नोटा छापता, आणि एक दिवा लावता येत नाही तुम्हाला? मेणाचे दोरे बांधता? चकत्या लावता? आत्ताच्या आत्ता दाखवा मला कुठे मरतोय तो दिवा, नाहीतर आज पूजेला तो मीटर मांडू नका, विहिरीत टाका! जावईबापूंना असं आजवर कोणी बोललं नव्हतं. ते दाराकडे बघायला लागले, पण मळ्यात दार कुठलं?

दीर बिचारा बॅटरी-टॉर्च घेऊन मागे वाकला. नेहमीसारखा स्क्रू-ड्रायव्हर काढला, नेहमीसारखी लिंबू-मिरची त्याच्या टोकावर उचलली आणि कुंपणाकडे वळला. मी त्याच्या मागेच उभी होते. टॉर्चच्या उजेडात मिरच्यांच्या मधून काहीतरी चमकलं.

"थांबा भावजी. ती इकडे द्या."

लिंबू, सात मिरच्या, बिब्बा. पण दोऱ्यात ओवलेलं नव्हतं. तांब्याच्या तारेत ओवलं होतं, आणि तार त्याच्याच वायरीची होती, उरलेल्या तुकड्यावरचं रबर सोलून काढलेली. वरचं टोक आकड्यासारखं वाकवलेलं, खालचंही तसंच. वरचा आकडा कुठे अडकवला होता? दिव्याच्या पाठीवर एक पितळी स्क्रू होता, जिथे वायर येऊन मिळते. दिरानं सगळी वायर नखशिखान्त गुंडाळली होती, तो स्क्रू मात्र उघडा ठेवला होता, टेस्टिंगला बरा पडतो म्हणून. आणि खालचा आकडा लोंबून टेकत होता बंपरवर, म्हणजे वीज दिव्यात न शिरता थेट गाडीच्या लोखंडात.

"पुन्हा अडकवा," मी म्हटलं. "फ्यूज घाला आणि स्विच टाका."

फट्.

"आता काढून, नवा फ्यूज घालून टाका."

विहीर लख्ख दिसली. मातीचा तुटलेला कडा दिसला, आत्याबाईंचा पाय घसरल्याची खूण दिसली. काखेत कळसा आणि ओझरपर्यंत वळसा! दर रविवारी सगळ्यात आधी तीच वस्तू बाजूला टाकायची आणि मग दोष शोधत बसायचं. लिंबू-मिरची काय, प्रत्येक गाडीला असते, तिच्याकडे कोण बघतो? जावईबापूंनी घसा खाकरला. "मी पहिल्यापासून म्हणत होतो," ते म्हणाले. "आतलंच कोणीतरी."

करंड्या भरून जीप बाजाराला गेली. तज्ज्ञ शेडपाशी बसून एकमेकांना अर्थिंग समजावून सांगायला लागले. मी हळद घेऊन आत गेले. आत्याबाई ओसरीवर बसून पूजेला हार ओवत होत्या, कोपर खरचटलेलं असतानाही. मी त्यांच्या कोपराला हळद लावली.

"आत्याबाई, दोरा सोडून तार कशाला घेतलीत?"

"दोरा तुटतो गं त्या वाटंला. तार नाय तुटत."

"तुमच्या तारेनं दिवा जात होता, कळलं ना?"

त्यांनी सुईत पुढचं फूल घेतलं. "पैल्या शनवारी नव्हतं ठाव," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या शनवारी अडकवली, पुन्यांदा गेला. तवा ध्यानात आलं. मला काय डोळे नाय?"

"म्हणजे माहीत होतं तुम्हाला? आणि तरी लावत राहिलात?"

"लावत ऱ्हायले."

"अहो, आज तुम्ही गेला असतात की त्या विहिरीत! काय म्हणावं तुम्हाला? मालक बघा कसे रडत होते. कशासाठी? सांगा ना, कशासाठी?"

त्यांनी सुई फुलात खोचली. मग हार मांडीवर ठेवला.

"सूनबाई, या घरात माझं ऐकून कोन थांबतं? तो मोठा थांबतो? धाकला थांबतो? तू थांबती? लेकीचा नवरा आला का मी वसरीवरून आत. कोर्टाचं इचारत नाय, जीप घेतली तवा इचारलं नाय. पन म्या बास म्हनलं, का जीप थांबती. एवढी लष्कराची जीप! लय बरं वाटायचं गं." त्यांनी पुन्हा सुई उचलली. "तू दिवा आनला, अन् म्हनली, सुटलात. कशातून सुटले मी?"

माझा राग होता तसाच होता, आणि रडूही येत होतं. एवढ्याशा म्हातारीनं दोन कारखान्यांना नि शनी महाराजांना दीड-दोन महिने कामाला लावलं होतं, आणि मागणी काय, तर कोणीतरी थांबावं. मी हळदीची वाटी उचलून बाहेर आले आणि दिराला म्हटलं, तो स्विच काढा.

"कुठला?"

"जावईबापूंचा. लपवलेला. तो काढा आणि गाडीच्या मागे बसवा. बाहेरून. कडुनिंबाच्या बाजूला, विहिरीच्या नाही."

"मागचा दिवा मागूनच लावायचा?" दीर उठून उभाच राहिला. "वहिनी, असं कुठल्याच गाडीत नसतं. ड्रायव्हर पुढे, स्विच मागे? मग ड्रायव्हरनं काय करायचं?"

"वाट बघायची."

"बाहेरचा स्विच," जावईबापू म्हणाले, "कोणीही लावेल!"

"कोणीही नाही. आत्याबाई लावतील. आणि त्यांनी लावल्याशिवाय या घरातली कोणतीही गाडी मागे जाणार नाही. आणि त्या उभ्या राहतील निंबाखाली, समजलं? काठावर कोणी उभं दिसलं तर मी ते चारही टायर ब्लेडनं कापीन."

मला वाटतं, पहाटेच्या किंचाळण्याचा दरारा अजून उतरला नव्हता. जीप बाजारातून परतल्यावर दिरानं दुपारपर्यंत स्विच मागे बसवला, पाणी जाऊ नये म्हणून वर रबराची टोपीही घातली, आणि मेणाचा दोरा बांधला तो बांधलाच. तो पितळी स्क्रूही त्यानं या वेळी टेपनं बुजवला. संध्याकाळी सगळ्या हत्यारांची पूजा झाली. मीटरला हार घातला. लिंबू-मिरची दोऱ्यात ओवून जीपच्या पुढच्या बंपरला बांधली. खरी गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. मालकांनासुद्धा पुष्कळ वर्षांनी सांगितली.

तेव्हापासून रोज पहाटे आत्याबाई जीपमागे जायच्या, टोपी दाबायच्या, दिवा लागायचा, आणि निंबाच्या बुंध्याशी जाऊन त्या हुकूम सोडायच्या. कधी कधी मालकांना पुढे ताटकळत ठेवायच्या, पदर नीट करायच्या, मग दाबायच्या. मालक हॉर्न वाजवायचे. त्या म्हणायच्या, "वाजव."

कठडा शेवटी झाला, तो चुलत घरच्या पोरानं स्वतःची जीप घेतली तेव्हा. आत्याबाई त्याच्याही पुढे काही वर्षं होत्या, आणि गेल्या त्या स्वतःच्या अंथरुणात, विहिरीत नाही. त्यांच्यामागे मालक गाडी मागे घेताना खाली उतरायचे, मागे जाऊन टोपी दाबायचे, पुन्हा वर येऊन बसायचे. दीर म्हणाला, दादा, आता स्विच आत घेतो, पाच मिनिटांचं काम आहे. मालक म्हणाले, राहू दे.

जीप विकली तेव्हा घेणारा दिंडोरीकडचा होता. शेडमधले जुने टायर आणि सुटे भागही त्याला हवे होते, म्हणून तो जीप मागे घ्यायला लागला. भर दुपार होती. मालक चालत मागे गेले, टोपी दाबली, उन्हात तो दिवा लागलाय हे कळतही नव्हतं, आणि निंबाखाली जाऊन उभे राहिले.

"येऊ दे... येऊ दे... येऊ दे... बास!"

गाडी थांबली. माणसानं मान बाहेर काढून मागे बघितलं. "अजून दोन हात जागा आहे की, मालक."

"असू दे," मालक म्हणाले. "बास म्हटलं की थांबायचं."